नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मलकापुरात दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून कोल्हापूरची एसटी पकडली. आक्काने पाहिलं असतं तर म्हणाली असती, "हातातलं काम तरी पुरं करून यायचं की." पुढे शोकसभा झाली. तिला कधी वर्गात न पाहिलेल्या दोघांनी तिला 'ज्ञानतपस्विनी' ठरवलं. माझी थोरली बहीण तपस्विनी वगैरे नव्हती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि चुकलं तर 'चुकलं' म्हणायची. यातली दुसरी गोष्ट जास्त दुर्मीळ आहे.

काही वर्षांपूर्वी भाऊजी गेल्यानंतर संजय, तिचा मुलगा, तिला पुण्याला न्यायला बसला होता. एकटी कशी राहणार, एवढंच त्याचं म्हणणं. नेमका त्याच सुमारास आक्काने सुटे भाग मागवून स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडायला घेतला. संजय फोनवर म्हणाला, "हे एकटीनं जमवून दाखव, मग मी पुण्याचं नाव काढणार नाही." तो हसत म्हणाला होता, पण आक्काने ते हसण्यावारी नेलं नाही.

कॉम्प्युटर सुरू झाला आणि थोड्या वेळात आपोआप बंद पडला. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. प्रोसेसर तापत होता. पडद्यावरचा तापमानाचा आकडा बघता बघता नव्वदीपार जायचा. मी गेलो तेव्हा खोक्याची एक बाजू उघडी होती आणि समोर टेबलफॅन भरधाव. "पंखे फिरत्यात, वारा हाय, मग उष्णता अडती कुठं?" ती मला विचारत होती. मी मराठीचा मास्तर. म्हटलं, "संजयला विचारूया का?"

"त्याला इचारलं की पुण्याचं तिकीट आलंच म्हण."

मग तिने प्रयोगशाळेतली रीत धरली : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंख्याची दिशा पाहिली, खोकं खिडकीशी नेलं, प्रोसेसरवर बसवलेला कूलर, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, काढून दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसून नव्याने लावली. आकडा तिथंच. पुन्हा कूलर काढला, उताणा करून उजेडात धरला आणि नखाने एक कोपरा खरवडला. पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक सुटून आलं.

"हे दिसलं न्हवतं तुला?"

"दिसलं की, पयल्याच दिवशी. म्हटलं, नव्या वस्तूवरचं हाय, ऱ्हाऊ दे."

त्या घरात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक कधी निघतच नसे. रिमोट पिशवीत, फ्रीजची मूठ गुंडाळलेली. भाऊजींनी हौसेने आणलेला सोफा पाहुण्यांसाठी कव्हरात, आणि भाऊजी स्वतः शेवटपर्यंत लाकडी खुर्चीत पेपर वाचत...

आक्का ते प्लॅस्टिक हातात धरून बसली. "जन्मभर पोरांना उष्णतेचं वहन शिकवलं, आणि मधी हे ठेवून बसले." कूलर पुन्हा बसवला. आकडा चाळिशीत येऊन थांबला आणि तिथेच राहिला. तिने संजयला फोन लावला आणि जमल्याचं सांगायच्या आधी चूक सांगितली. तो पलीकडे हसत सुटला. तिने हसू ओसरू दिलं, मग विचारलं, "आणि पुण्याचं?"

"नाही काढत नाव, आई. राहा तिथंच."

फोन ठेवून ती उठली. रिमोटचं, फ्रीजचं, शेवटी सोफ्याचं प्लॅस्टिक तिने फाडून काढलं. मी म्हटलं, "आक्का, मळंल की."

"मळू दे. वापरायलाच आणलाता त्यांनी."

त्यानंतर ती शेवटपर्यंत त्याच घरात राहिली, स्वतःच्या मर्जीने.

कॉम्प्युटर आता संजयकडे आहे. थंड चालतो म्हणे. परवा आम्ही दोघांनी घर उघडलं. सोफ्याची खिडकीकडची बाजू दबलेली, सोफ्याच्या हातावर चहाच्या कपाचे गोल डाग. संजय म्हणाला, "मामा, धूळ बसेल. वर प्लॅस्टिक घालू?" मी नको म्हटलं. त्या खळग्यात बसून पाहिलं, पण आक्का माझ्याहून बारीक होती. मी काही त्यात मावलो नाही. मग उठलो, भाऊजींची लाकडी खुर्ची सोफ्यासमोर ओढली आणि तिच्यात बसलो.