तुम्हाला झोप लागली असेल तर

स्तनातल्या गाठी तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. लीड्सच्या एका हॉस्पिटलमध्ये, खिडकी नसलेल्या खोलीत. आत आलेली बाई कोट कोणत्या हाताने काढते, पर्स कुठे धरते, यावरून मला निम्मं कळायचं. निदान असं मी सांगत फिरायचे, आणि मंडळाच्या कार्यक्रमांत लोक कौतुकाने ऐकायचेही. तीच मी सहा वर्षं दर शनिवारी सकाळी एका बाईशी फोनवर बोलत होते. तिच्या डाव्या स्तनात गाठ होती आणि मला ते कळलं नाही. ती बाई आता नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट रंगवून सांगायची माझी इच्छा नाही. चूक नेमकी कुठे झाली तेवढं मला बघायचं आहे.

ती झिंबाब्वेतल्या एका खेड्यात राहायची. आमच्या वॉर्डातली एक नर्स त्या खेड्यातली. इंग्लंडमध्ये वीस-बावीस वर्षं काढली तरी तिचा जीव तिकडेच अडकलेला. तिने तिथल्या बायकांना हाताशी धरून एक छोटी संस्था उभी केली होती. संस्था म्हणजे काय, तर एक खोली, जिथे बायका शाळेतल्या मुलींसाठी धुऊन पुन्हा वापरता येतील असे कापडी पॅड शिवायच्या. काटेरी फांद्यांचं कुंपण घातलेला भाजीचा मळा. आणि शाळेत जायचं वय न झालेल्या पोरांना रोज सकाळी गरम पेज. इकडे लीड्समध्ये आम्ही पाच जणी होतो. महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये जमायचो, गार झालेला चहा प्यायचो आणि ठराव करायचो. मी नुकतीच रिटायर झाले होते, हुकूम सोडायला मला माणसं हवी होती. नर्सने ते ओळखलं आणि शनिवारचा फोन माझ्याकडे दिला. तिकडच्या प्रमुख बाईंशी बोलायचं, आठवड्याची खबरबात घ्यायची आणि एका फॉर्मवर लिहायची.

त्या प्रमुख बाईंना सगळं गाव अंबुया म्हणायचं. अंबुया म्हणजे आजी. माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या. आधी शाळेत शिकवायच्या, त्यामुळे इंग्रजी माझ्यापेक्षा स्वच्छ. घरात फोनला रेंज नव्हती, म्हणून त्या घरामागच्या मोठ्या खडकावर चढून बसायच्या आणि मग फोन लावायच्या. पहिल्याच फोनला त्यांनी मला "सिसी" म्हटलं. तिकडे बहिणीला तसं म्हणतात. मला हसूच आलं. हॉस्पिटलमध्ये सावळी बाई दिसली की पेशंट सर्रास "सिस्टर" म्हणून हाक मारायचे आणि मी दर वेळी "डॉक्टर" अशी दुरुस्ती करायचे. अंबुयांना मी दुरुस्त केलं नाही.

त्यांच्याकडे सकाळी भेटल्यावर विचारतात, झोप कशी लागली? त्यावर उत्तर द्यायची एक रीत आहे. मला चांगली झोप लागली, तुम्हाला लागली असेल तर. नर्सने मला ते त्यांच्या भाषेत पाठ करून दिलं होतं. मला ही रीत फार आवडली. दुसऱ्याची झोप झाली नसेल तर आपली झाली कशी म्हणायची, असा साधा सरळ विचार. आमचा दर शनिवार असाच सुरू व्हायचा. झोप कशी लागली ते मी विचारायची. त्या म्हणायच्या, लागली, तुम्हाला लागली असेल तर. मग मी म्हणायची, हो, छान लागली. एवढं झालं की कामाला सुरुवात.

काम संपलं की आम्ही भांडायचो. त्यांच्या पेजेत मक्याचं पीठ आणि वाटलेले शेंगदाणे. मी म्हणायची, दाणे नीट खरपूस भाजा, तुम्ही कच्चेच ठेवता. त्या म्हणायच्या, तुम्ही करपवता आणि त्याला खरपूस म्हणता. एकदा मी कॅमेऱ्यासमोर दाण्याचा कूट केला. त्यांनी खडकावरून तो नीट निरखला आणि म्हणाल्या, सिसी, हे तुमच्या घरात कोणी खातं का? त्या दिवशी मी खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

खूप दिवसांनी, कारण तोवर आमच्या घरात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझे यजमान हाडांचे सर्जन. माणसाच्या शरीरातलं एकही हाड न विसरणारा माणूस हळूहळू घराचा जिना विसरला, मग मुलीचं नाव, मग मला. ते मला वॉर्डातली नर्स समजू लागले. अगदी अदबीने विचारायचे, "सिस्टर, माझी बायको कधी येणार?" पहिल्यांदा मी म्हणाले, "अहो, मीच ती." ते इतके घाबरले की पुन्हा मी ते म्हणायचं धाडस केलं नाही. रात्री चार-चार वेळा उठायचे. सकाळी आठला मी तोंडावर पाणी मारून फोनसमोर बसायची आणि सांगायची, हो, छान झोप लागली.

का सांगत होते? एक तर आमच्या आईची शिकवण. झाकली मूठ सव्वा लाखाची, घरातलं बाहेर काढायचं नाही. आणि दुसरं म्हणजे लाज. ज्या बाईच्या गावात दोन मैलांवरून डोक्यावर पाणी आणतात, तिला मी काय सांगणार, माझ्या सेंट्रल हीटिंगवाल्या घरात मला फार त्रास आहे म्हणून? मला वाटायचं हा माझा समंजसपणा. आता वाटतं, शुद्ध अहंकार होता. मी देणारी, त्या घेणाऱ्या, हे चित्र मला बिघडू द्यायचं नव्हतं.

एका शनिवारी अंबुयांनी काम संपल्यावर सहज विचारलं, "सिसी, आमच्यातली एक बाई आहे. तिच्या छातीत दगडासारखं काही लागतं. दुखत नाही. काय असेल?"

मी एकदम खुर्चीत ताठ झाले. कुणीतरी माझ्या विषयातलं विचारलं होतं. मी वीस मिनिटं बोलले. कातडी ओढली जाते का, काखेत काही लागतं का, सगळं समजावलं. "तिला उद्याच्या उद्या हॉस्पिटलला पाठवा," मी म्हणाले. "माझ्या वतीने रागवा तिला."

"सांगते तिला," अंबुया म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी मी आठवणीने विचारलं. त्या म्हणाल्या, ती बाई म्हणते, भुईमूग काढून झाला की जाईन. मी भडकले. म्हटलं, तिला विचारा, ती नसली तर तो भुईमूग खाणार कोण? अंबुया म्हणाल्या, "पोरं खातील."

माझ्या त्या बिनखिडकीच्या खोलीत किती बायकांनी मला असंच विचारलं होतं. पंजाबी, गुजराती, आपल्या मराठी. "डॉक्टर, माझी एक मैत्रीण आहे, तिला ना..." मी हसून म्हणायची, मैत्रिणीला घेऊन टेबलावर झोपा बघू. त्या आधी हसायच्या आणि मग रडायच्या. मला ही गोष्ट कुणी शिकवायला नको होती. पण अंबुयांच्या बाबतीत माझ्या मनाला ते शिवलंही नाही. का, तर त्यांना दर शनिवारी चांगली झोप लागलेली असायची.

आणि पुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातं. दोन-तीन महिन्यांनी मीही त्यांना तसंच विचारलं. "अंबुया, आमच्याकडे एक बाई आहे. तिचा नवरा तिला ओळखत नाही. रोज विचारतो, माझी बायको कधी येणार. तिने काय सांगावं?"

त्यांनी वीस मिनिटं घेतली नाहीत. म्हणाल्या, "तिला म्हणावं, मी कोण आहे ते त्याला पटवत बसू नकोस. तो वाट बघतोय ना, मग तिची खबर दे. वाटेत आहे म्हण, जेवण घेऊन येतेय म्हण. आणि मग आत जाऊन जेवण घेऊन ये."

त्या दुपारी यजमानांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, वाटेत आहेत, जेवण घेऊन येतायत. आत गेले, वरणभात कालवला आणि ताट घेऊन आले. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "आलीस? किती उशीर." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पण पुढच्या शनिवारी अंबुयांना मी एवढंच सांगितलं, की त्या बाईला तुमचा सल्ला उपयोगी पडला.

नंतर त्या व्हिडिओ बंद ठेवू लागल्या. म्हणायच्या, रेंज नाही. मग खडकावर चढणं बंद झालं, त्यांची सून वर चढून बोलू लागली. अंबुया मळ्यात आहेत, अंबुया शाळेत गेल्यात, गुडघे दुखतात. गुडघ्यांसाठी मी व्यायाम लिहून पाठवले, चित्रं काढून. आमच्या फॉर्ममध्ये शेवटचा रकाना होता, 'प्रमुख महिलांची तब्येत'. त्यात मी दर आठवड्याला लिहीत होते, उत्तम. माझ्याच अक्षरात.

एका मंगळवारी नर्स न सांगता घरी आली. बूट काढले, स्वयंपाकघरात बसली. मी चहा टाकायला लागले तर नको म्हणाली. "अंबुया गेल्या," ती म्हणाली. मी विचारलं, कशाने? तिने बोलायच्या ऐवजी स्वतःच्या छातीवर डावीकडे हात ठेवला. मला समजायला कितीतरी वेळ लागला. मग मी विचारलं, ती बाई, ती भुईमुगाची बाई, ती गेली का हॉस्पिटलला? "दुसरी कुणी बाई नव्हतीच," नर्स म्हणाली.

रात्री लंडनमधल्या हॅरोहून मुलीचा फोन आला. इथेच जन्मलेली, तिचं मराठी कसंबसं उभं राहतं. मी तिला सगळं सांगितलं, यजमान मला नर्स समजतात तेसुद्धा. तिला ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं, ती समजूत काढेल. ती म्हणाली, "आई, तू सगळ्यांना फाइनच सांगते. मला पण फाइन. मग आम्ही आमचा प्रॉब्लेम तुला कसा सांगणार?" मी तिच्या व्याकरणाला नावं ठेवते नेहमी. त्या दिवशी ठेवली नाहीत.

शनिवारी सवयीने आठला फोनसमोर बसले. सुनेने फोन लावला. ती खडकावर होती, वाऱ्याचा आवाज येत होता. तिने विचारलं, सिसी, झोप कशी लागली? आणि तोंडातून आपसूक गेलं, लागली, तुला लागली असेल तर. ती हो म्हणाली. दोघी खोटं बोललो आणि दोघींना ते कळत होतं.

मग मी तिला विचारलंच. अंबुयांनी मला का नाही सांगितलं? मी डॉक्टर होते. तेच तर माझं काम होतं.

ती म्हणाली, "सांगणार होत्या. एकदा खडकावर जाताना मला म्हणाल्या, आज सिसीला सांगते. पण त्या दिवशी तुम्ही त्या नवऱ्याचं विचारलंत. खाली आल्या आणि म्हणाल्या, ती दुसरी बाई कुणी नाही, सिसीच आहे. तिच्या घरात आजारी माणूस आहे, तिला झोप नाही. तरी ती मला झोप लागली म्हणते, म्हणजे तिला ते झाकून ठेवायचंय. मग मीही लागली म्हणते. तिच्या डोक्यावर आणखी हंडा कशाला ठेवू?"

मी फोन कसा ठेवला आठवत नाही. त्यांनी एका वाक्यात माझं ओळखलं. त्यांचं ओळखायला मला त्या दगडाच्या प्रश्नानंतर दोन वर्षं होती आणि तीस वर्षांचं शिक्षण होतं. मी त्यांना मारलं असं मी म्हणणार नाही, माझ्यातली डॉक्टर तेवढी वाहवत जात नाही. पण पहिल्या शनिवारी मी "नाही लागली" म्हटलं असतं, तर त्यांनाही म्हणता आलं असतं. एवढीशी वाट होती, आणि ती मी सहा वर्षं बंद करून बसले होते.

त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा आठ वाजता फोन. बाहेरच्या खोलीतून यजमान विचारत होते, सिस्टर, कोण आलंय? सुनेने विचारलं, "सिसी, झोप कशी लागली?"

मी म्हणाले, "नाही लागली. बरीच वर्षं लागलेली नाही."

पलीकडे वारा सुटला होता. त्यातूनच ती हळूच म्हणाली, "मग मलाही नाही लागली."

फॉर्म समोरच होता. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "सांग."