आपाजींना विचारलेला अर्थ

हट्टा गावात रहमतबींना लहानथोर सगळेच आपाजी म्हणत. अठ्ठावीस वर्षं झाली, दुपार कलली की पोरी ओढण्या सावरत त्यांच्या ओसरीवर येत आणि अरबी दुआंचा सबक घेत. आपाजींची रीत ठरलेली. आपण म्हणायचं, पोरींनी मागून म्हणायचं, चुकलं की दहा वेळा पुन्हा. त्या स्वतः अशाच शिकल्या होत्या.

यंदा मात्र आलिया येईनाशी झाली. पाचवीतली पोर, आवाज गोड, पाठांतर पक्कं. चार दिवस वाट पाहून आपाजी तिच्या घरी गेल्या. आई हळद काढायला शेतात गेलेली. आलिया अंगणात हातवारे करत शाळेतली कविता म्हणत होती.

"काहून येत न्हाईस गं?"

आलियानं मान खाली घातली. "रागवू नका आपाजी. शाळेत संगीता मॅडम कवितेचा अर्थ सांगतात, मग ती मनात बसते. मी तुमाला दुआचा अर्थ विचारला, तर तुमी दहा वेळा म्हणायला लावलं."

आपाजी ओट्यावर टेकल्या. पोरीपुढं खोटं बोलवेना.

"मलाच येत न्हाई, बाई. मला कुणी सांगितलाच न्हाई."

तिथून त्या मशिदीचे इमाम हाशिमसाब यांच्याकडं गेल्या. त्यांनी दुआंच्या मराठी अर्थाची एक पुस्तिका दिली. पण आपाजी शाळेत कधी गेल्याच नव्हत्या. अरबी अक्षरं तेवढी ओळखीची, मराठी वाचता येत नव्हतं. तीन दिवस पुस्तिका पेटीतच राहिली. पोरींच्या आयाही त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्या काय म्हणतील, याचीच लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी त्यांनी आलियाला ओसरीवर बोलावून आणलं आणि सगळ्या पोरींसमोर पुस्तिका तिच्या हाती दिली.

"मी म्हणीन, अर्थ आलिया वाचील. मीबी तुमच्यासंगं शिकणार."

एक-दोघी फिदीफिदी हसल्या. आलिया बोट ठेवून वाचू लागली आणि मध्येच थांबली. "आपाजी, रहमत म्हणजे दया. हे तर तुमचं नाव!"

आपाजींनी तो शब्द स्वतःशीच पुटपुटून पाहिला. आयुष्यभर आपण कोणतं नाव घेऊन वावरलो, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

पुढं ओसरीवर गलका वाढला. पोरी प्रश्न विचारू लागल्या. पाठांतर मागं पडतंय म्हणून एका आईनं तक्रारही केली.

"पडू दे थोडं," आपाजी शांतपणे म्हणाल्या. "पोरी आता आपणहून येऊन राहिल्या, हे बघ ना."

आता सबक संपला की आपाजी बाराखडी गिरवतात. जोडाक्षराशी अडल्या की आलियाला हाक मारतात.