मोहाच्या दिवसांत बत्तीस किलोमीटर

चंद्रपूरहून चामोर्शीची बस सुटायच्या बेतात असताना कल्पना धापा टाकत आली. पिशवीत आईसाठी पापड, बहिणीसाठी साडी. पाण्याच्या बाटल्या घरीच. माझं डोकं तिथेच फिरलं.

कल्पना शाळेत शिकवते, मी दवाखान्यात परिचारिका. चार वर्षं आम्ही पहाटे सोबत धावतो. गेल्या वर्षी बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत ती वेळ संपल्यावर चार मिनिटांनी पोचली. माणसं शेवटच्या रेषेवरची कमान उतरवत होती. पदक नाही, निकालात नाव नाही. "यंदा एकदा, मंग बस," ती म्हणाली. तिला वेळेत पोचवायचंच, असा मी चंग बांधला. शर्यत तीन आठवड्यांवर होती. शेवटचा लांब सराव तिच्या माहेरी ठेवला, कारण चंद्रपुरात कोळशाच्या ट्रकांमागे धावून छाती भरते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिच्या घरून निघालो. एका बाजूला धानाच्या बांध्या (भातखाचरं), दुसऱ्या बाजूला जंगल. एका मोटरसायकलवाल्याने गाडी हळू केली. "काऊन पळून राह्यले, बाई? बस सुटली का? बसा, सोडून देतो." असं विचारणारा हा तिसरा. "आमचे पाय हायेत," मी खेकसले. बिचारा निघून गेला.

एकविसाव्या किलोमीटरला मोहाची झाडं लागली. खालची जमीन झाडून स्वच्छ केलेली, तिच्यावर फुलांचा सडा आणि बायका टोपल्या घेऊन वेचताहेत. कल्पना मागे पडली होती. मी वळणावरून ओरडत आले, "पळ कल्पना, पळ! थांबू नको!"

बायकांनी आमच्याकडे पाहिलं. कोणीतरी किंचाळलं, "वाघ!" टोपल्या टाकून सगळ्या गावाकडे सुटल्या. एक म्हातारी पडली आणि तिचा घोटा मुरगळला. कडेला टपलेली गुरं फुलांवर तुटून पडली.

"कुठी हाय?" म्हातारीने विचारलं.

"वाघ नाई, आजी," मी म्हटलं. "आमी शर्यतीसाठी पळून राह्यलो."

"मंग मांगं काय हाय?"

"काई नाई."

म्हातारी भडकली. "मांगं काई नाई, अन् पळ पळ बोंबलता? आमच्या गावात पळणारा मानूस पयले सांगते, काऊन पळते थे. माही जाऊ याच झाडाखाली गेली, वाघानं नेली. तुमाले खेळ सुचते!"

कल्पनाने घड्याळ बंद केलं, गुरं हाकलली आणि फुलं वेचायला बसली.

"अकरा बाकी हायेत," मी म्हटलं. "आज नाई झालं तर शर्यत विसर."

"तू जा," ती मान वर न करता म्हणाली.

मी खरंच गेले. रागाने अंग पेटलं होतं. म्हातारीला, गुरांना, कमान उतरवणाऱ्यांना, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. तीन किलोमीटर इतक्या वेगात मी कधीच धावले नव्हते. मग मागे पावलं वाजेनात तेव्हा आठवलं. गेल्या वर्षी तिसाव्या किलोमीटरला तिच्या पोटरीत गोळा आला, तेव्हाही मी अशीच पुढे गेले होते. माझं पदक घरी खिळ्याला टांगलेलं आहे. वर्षभर मी तिच्या हळू धावण्यावर चिडत होते. मला माझीच चीड येत होती.

परत गेले. ओढणी फाडून म्हातारीचा घोटा बांधला आणि टोपली भरेपर्यंत वेचत बसले. तिच्या सुनेने आंबील (पिठाचं आंबट पातळ पेय) दिली. म्हातारी तेवढ्यानेही निवळली नाही. "आता जासान तं वरडत जा," एवढंच म्हणाली.

गेलो तसेच. उन्हाचा चटका बसत होता. प्रत्येक मोहापाशी आम्ही ओरडायचो, "वाघ नाई, बाई! आमी सरावाले पळून राह्यलो!" बायका हसायच्या. अकराच्या अकरा किलोमीटर कल्पना पूर्ण धावली.

परतीच्या बसमध्ये मी एकदाचं बोलले. "मागच्या साली मी थांबायला पायजे होतं."

"मालूम हाय."

"मग वर्षभर बोलली काऊन नाही?"

"तू मांगं पाह्यलं कुठी? सांगू कोनाले?"

तिने तोंड खिडकीकडे वळवलं, ते चंद्रपूर येईपर्यंत तसंच ठेवलं. तिचा राग मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तो वाजवी होता. उतरताना मी हातातलं घड्याळ काढून तिच्या पिशवीत टाकलं. शर्यतीत ती पुढे धावेल, मी तिच्या मागून.