धुळ्याची जुनी दफनभूमी आणि अक्का

सासर पहूरचं आहे म्हटलं की लोक लगेच अजिंठ्याबद्दल विचारतात. लेणी तिथून जवळ, त्यामुळे दर दिवाळीला आम्ही पुण्याहून पहूरला आलो की पाहुण्यांना घेऊन मीच तिकडे जाते, आणि त्याबद्दल या ब्लॉगवर लिहून लिहून माझंच मन भरलंय. यंदा मला धुळ्याची जुनी दफनभूमी बघायची होती. कुठल्याही गावी गेले की मी तिथल्या दफनभूमीत एक चक्कर मारते. साताऱ्याला माझ्या शाळेमागेच इंग्रजांची थडगी होती, मधल्या सुट्टीत आम्ही तिथे डबे खायचो, तेव्हापासूनची ही सवय. तिथे झाडं असतात, शांतता असते, आणि त्या शहरात कोण कुठून येऊन राहिलं होतं ते दगडांवर वाचायला मिळतं.

दिवाळी आटोपल्यावरचा रविवार होता. प्रवीण, म्हणजे माझा नवरा, शेतातल्या पंपाच्या दुरुस्तीत अडकणार होता. मी म्हटलं, मी एकटीच एसटीने जाऊन येते. सासूबाई, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. कुठे जाणार म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या दाणे चाळवत राहिल्या आणि मग त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "मी बी येस तुनासंगे." म्हणजे, मीही येते तुझ्याबरोबर.

अक्का सत्तरी ओलांडलेल्या. गुडघे दुखतात. गेल्या वर्षी सासरे गेल्यापासून, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, अक्का गावाबाहेर पडल्याच नव्हत्या. लग्नाची आमंत्रणंसुद्धा त्यांनी टाळली. त्यांना दफनभूमी बघायला यायचंय हे ऐकून प्रवीणनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

जायचं कसं, ते सांगते. पहूरहून जळगावला एसटी सारख्या असतात, तासाभरात पोचवतात. जळगावहून धुळ्याची गाडी धरायची, ती एरंडोल, पारोळा करत जाते. रस्ता आता मोठा आणि चांगला झालाय, दोन-अडीच तास पुरतात. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघींचा प्रवास एका माणसाच्या भाड्यात होतो. पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. खानदेशात नोव्हेंबरची पहाट गार असते आणि दुपार चांगलीच तापते.

एरंडोल सोडल्यावर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. वेचणाऱ्या बायका कमरेला ओटे, म्हणजे कापडाच्या झोळ्या, बांधून रांगेत पुढे सरकत होत्या. अक्का खिडकीशी होत्या. पारोळा जवळ आलं तेव्हा, बाहेरच बघत, त्यांनी मला सांगितलं.

प्रवीणच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता.

माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकत होते. अक्कांचं माहेर धुळ्याजवळच्या एका खेड्यातलं, म्हणून पहिलं बाळंतपण तिकडे. अडल्या तेव्हा त्यांना बैलगाडीतून धुळ्याच्या मिशनच्या दवाखान्यात आणलं. मुलगा झाला आणि एक दिवस जगला. अक्का तापात होत्या, शुद्ध नव्हती. बाहेर धुवाधार पाऊस, नदीला पूर, माहेरच्या गावाचा रस्ता बंद. आबा पहूरहून एकटेच कसेबसे पोचले होते. अक्का सावध झाल्या तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. दवाखान्यातल्या एका नर्सबाईनं तिच्या लोकांच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या, जागेत बाळाला ठेवू दिलं, एवढंच त्यांना कळलं.

"त्यासनी सांगं, चांगली जागा शे," अक्का म्हणाल्या. "पन मी देखी नही."

आबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. अक्कांनी एकदा आईला विचारलं, तर आई म्हणाली, आता उकरू नकोस. पुढे पहूरच्या विहिरीवर कुणीतरी बोललं की दवाखान्यात दगावलेली पोरं कुठेही टाकून देतात. ते अक्कांच्या मनात रुतलं. आबांनी आपली समजूत काढायला चांगली जागा म्हटलं असेल, असं त्यांना वाटत राहिलं. प्रवीण झाला, मग ज्योती झाली, सून-जावई आले, नातवंडं झाली, तरी ते गेलं नाही.

"पाऊस व्हता," त्या म्हणाल्या. "त्याले कशामा गुंडायेल व्हतं, कोन जाने."

मी त्यांचा हात धरला. एवढ्या वर्षांनी नाव नसलेल्या एका दिवसाच्या बाळाची जागा सापडणं अवघड आहे, हे मला दिसत होतं. इतक्या दफनभूमी पाहिल्यात मी. लहान मुलांच्या जागा सगळ्यात आधी जातात. हे आधी सांगितलं असतं तर मी आधी एकटी येऊन बघून गेले असते.

धुळ्याच्या स्टँडवर आम्ही चहा घेतला. रिक्षावाल्याला ख्रिश्चन दफनभूमी म्हटलं तर त्याला कळेना, मग म्हणाला, "गोऱ्यांचं कब्रस्तान ना? बसा." बसताना त्यानं अक्कांना हात दिला. "आज तिथं गर्दी शे, अक्का. त्यांचा कायतरी दिवस शे."

तो त्यांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस होता. मला ठाऊकच नव्हतं. एरवी फाटकाला कुलूप असतं म्हणे, आणि किल्ली चर्चमधून आणावी लागते. त्या दिवशी फाटक सताड उघडं होतं आणि बाहेर झेंडूच्या हारांची, मेणबत्त्यांची हातगाडी लागली होती. तुम्हाला जायचं असेल तर हाच दिवस गाठा. फोटो काढायचे तर आधी विचारा आणि लोक आपल्या माणसांजवळ बसले असतील तिथे कॅमेरा नेऊ नका.

पुढच्या भागात जुनी थडगी आहेत. काळ्या दगडाचे उंच खांब, एक घुमटी, तिच्या फटीतून उगवलेला पिंपळ. बऱ्याच ठिकाणी संगमरवरी पाट्या नाहीशा झाल्यात. जिथे अक्षरं उरलीत तिथे वाचलं तर कुणी कारकून, कुणी सैन्यातला, आणि बायका बहुतेक पंचविशीच्या आतल्या. एका दगडापुढे अक्का थांबल्या. काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी वाचून सांगितलं: एका साहेबाची बायको, आणि तिच्याबरोबर तिचं बाळ.

"दोन्ही संगेच?" अक्कांनी विचारलं.

"हो."

त्यांनी दगडावर पडलेली पानं झटकली. मग चालायला लागल्या.

मागच्या भागात इथल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या कबरी आहेत. चुन्यानं नुकत्याच रंगवलेल्या, निळ्या फरश्या बसवलेल्या, मराठीत नावं कोरलेल्या. लोक बादल्या घेऊन दगड धूत होते. आणि अगदी मागे, भिंतीलगत, एक मोठा पट्टा जेसीबी फिरवून सपाट केलेला होता. ताजी माती, बाजूला उपटलेल्या झुडपांचा ढीग. अक्कांनीही ते पाहिलं होतं. त्या एका कट्ट्यावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या.

मी जवळच्या कुटुंबाकडे गेले. साठीतल्या एक बाई कबरीवर झेंडू मांडत होत्या, त्यांचे यजमान क्रूसाला पांढरा रंग देत होते. मी विचारलं, तो मागचा भाग का सपाट केलाय. बाई म्हणाल्या, "पाणी साचायचं तिथे, भर टाकली. तिकडे कबरी नव्हत्या कधीच. तुमचं कुणी आहे का इथे?"

मी अक्कांकडे बोट दाखवलं आणि थोडक्यात सांगितलं. दवाखाना, पूर, एक दिवसाचं बाळ, नर्सबाई. बाईंच्या हातातली फुलं तशीच राहिली.

"पहूरचे का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी पहूरचं नाव घेतलंच नव्हतं.

बाईंचं नाव शीलाताई. त्या नर्सबाई, रूथ सिस्टर, त्यांच्या सख्ख्या आत्या. शीलाताईंनी अक्कांना हाताला धरून आणलं. ज्या कबरीवर फुलं मांडणं चाललं होतं ती रूथ सिस्टरच्या आईची होती. तिच्या पायथ्याशी, त्याच चौथऱ्यात, हातभर लांबीचा एक छोटा चौकोन होता. चुना लावलेला. नाव नव्हतं. त्यावरही झेंडूचं फूल होतं, आमच्या येण्याआधीच ठेवलेलं.

"आम्ही याला पहूरचं बाळ म्हणतो," शीलाताई म्हणाल्या. "आत्यानं सांगून ठेवलं होतं, आजीच्या पायाशी ठेवलंय, आजी बघेल, तुम्ही फक्त चुना लावत जा. मेणबत्त्या आणताना आम्ही एक जास्तीची आणतो."

अक्का खाली बसल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी जमिनीवर बसत नाहीत. हातानं तो चौकोन चाचपून पाहिला, कडेनं, चारही बाजूंनी. मग मान वर करून विचारलं, "पाऊस व्हता ना माय. त्याले कशामा गुंडायेल व्हतं?"

"आत्याच्या साडीत," शीलाताई म्हणाल्या. "घट्ट विणीची, जाड साडी होती. आत्या सांगायची, केस फार होते हो त्याला. काळेभोर. तिनं विंचरून दिले होते."

अक्का रडल्या. मोठ्यानं नाही. शीलाताई त्यांच्या शेजारी बसल्या आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी उठून थोडी लांब गेले. माझेही डोळे भरले होते, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं.

परत आले तेव्हा शीलाताई आबांबद्दल सांगत होत्या. "ते यायचे ना. दरवर्षी नाही, पण धुळ्याला काही काम निघालं की यायचे. मी शाळेत असल्यापासून बघितलंय. टोपी काढून इथे बसायचे, आत्याला भेटायचे, केळी आणायचे घरच्या बागेतली. आत्या गेली तेव्हाही आले होते."

अक्कांनी पदर डोळ्यांवरून काढला. "माले सांगं नही," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता, आणि मला तो बरोबर वाटला.

"आत्यानं विचारलं होतं त्यांना, बाईंना का नाही आणत म्हणून," शीलाताई म्हणाल्या. "म्हणाले, ती आता सावरलीय. मी हे काढलं तर पुन्हा मोडेल."

आबांबद्दल अक्का आदरानंच बोलायच्या, पण तेव्हा म्हणाल्या, "येडं मानूस." आणि मग हसल्या, थोडं रडल्यासारखं, पण हसल्या. "एकलाच येत ऱ्हायना. आनि मी तठे घरमा एकली."

जास्तीची मेणबत्ती अक्कांनी लावली. वारा होता, दोनदा विझली. शीलाताईंच्या यजमानांनी रंगाचा रिकामा डबा आडवा धरला, तेव्हा टिकली.

शीलाताईंनी आम्हाला सोडलं नाही. पांझरा नदीच्या पुलावरून पलीकडे, देवपुरात त्यांचं घर आहे, तिथे चहाला नेलं. भिंतीवर रूथ सिस्टरचा फोटो होता. पांढरी साडी, कानांत काहीच नाही, हसू दाबून धरल्यासारखा चेहरा. अक्का चष्मा लावून फोटोच्या अगदी जवळ गेल्या. तापातून जाग आली तेव्हा याच बाईनं चमच्यानं पाणी पाजलं होतं, असं त्या म्हणाल्या. त्यांना तो चेहरा आठवत होता, फक्त तो कुणाचा ते आजवर माहीत नव्हतं.

स्टँडजवळ जेवलो. शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, झणझणीत. सवय नसेल तर कमी तिखट सांगा, तरी तिखटच येईल. अक्कांनी दुसरी भाकरी मागितली. आबा गेल्यापासून एका वेळी दोन भाकऱ्या खाताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. परतीच्या गाडीत पारोळ्याच्या आतच त्या माझ्या खांद्यावर झोपल्या, ते जळगाव आल्यावर उठल्या.

पहूरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. प्रवीणला त्यांनी समोर बसवून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी थोरला नाही." अक्का म्हणाल्या, नाही. त्यानं विचारलं, पुढच्या वेळी चुना आपण नेला तर शीलाताईंना चालेल का.

मी त्या दिवशी जुन्या थडग्यांचे मोजकेच फोटो काढले. घुमटीवर काय लिहिलंय ते वाचायचं राहिलंच. ज्यांना त्या दगडांबद्दल नीट माहिती हवी त्यांची या लेखानं निराशा होईल, त्याबद्दल माफ करा. इतकी वर्षं मी अशा जागांत अनोळखी नावं वाचत हिंडले आणि शांत वाटलं म्हणून घरी आले. आमच्याच घरातलं एक माणूस अशा जागी असेल आणि कुणीतरी रोज त्याची आठवण काढत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. अक्कांकडे बघून मला आता हलकं वाटतं. त्या पुन्हा ओसरीवरून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या. काल दिवसभर दार बंद होतं, कुठे गेला होतात म्हणून त्यांनी विचारलं.

"धुयाले गयथू," अक्का म्हणाल्या. "पोऱ्याकडे."

काकू गोंधळल्या. "प्रवीण तर पुण्याला असतो ना? आणि आत्ता तर इथंच आहे."

"त्याकडे नही," अक्का डबा घेत म्हणाल्या. "मोठाकडे."