घर दाखवण्याचा कार्यक्रम

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावाला उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते. त्यामुळे मी घराचा पुराचा विमा काढणार असल्याची बातमी फुटली, तेव्हा गावाला बऱ्याच दिवसांनी हसायला काहीतरी मिळाले.

“टँकरच्या गावात पुराचा इमा!” धाकटे चुलते म्हणाले. “उद्या म्हशीला रेनकोट घेशील.”

विनोद चांगला होता, आणि आदल्या वर्षापर्यंत मीही त्यात सामील झाले असते. पण त्या वर्षी परतीचा पाऊस गावामागच्या डोंगरावर असा कोसळला, की वर्षातले बहुतेक महिने गुरांची वाट म्हणून वापरला जाणारा ओढा मागच्या दाराने आमच्या घरात शिरला. धान्य भिजले, गाद्या गेल्या, आईचे शिलाई मशीन चिखलाने भरले आणि मागची भिंत आतल्या बाजूला फुगली. आई-वडील शेजाऱ्यांच्या गच्चीवर बसून होते. मी सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत, त्यांचा फोन पुनःपुन्हा लावत होते. तो लागत नव्हता.

माझे शिक्षण रसायनशास्त्राचे असले, तरी कारण शोधायला फारसे शास्त्र लागत नव्हते. नवा रस्ता करताना ओढ्यावर बांधलेली मोरी अरुंद होती. डोंगरावरून येणारे पाणी तिच्यातून मावले नाही, की ते मागे तुंबते, आणि तुंबलेल्या पाण्याला सर्वांत जवळची सखल जागा आमच्या घराची आहे. म्हणजे हा अपघात नव्हता. पुन्हा घडू शकेल अशी ती घटना होती. मी दोघांना माझ्याकडे सुप्याला चला म्हटले. वडिलांनी विषय ऐकूनच घेतला नाही. घर हलत नाही आणि माणसेही हलत नाहीत, तर निदान भिंत पडल्यावर ती पुन्हा उभी करता यावी, एवढाच माझा विचार होता. पुढच्या वर्षी संशोधनासाठी मला दूर जायचे होते. पाठीमागे ती भिंत तशीच सोडून जाणे मला जमणार नव्हते.

एका खासगी कंपनीकडे मी प्रस्ताव पाठवला. पूर्वी पाण्याने नुकसान झाले आहे का, या प्रश्नाला ‘होय’ असे लिहिले आणि काय घडले तेही नमूद केले. प्रत्यक्ष पाहणीनंतर निर्णय कळवू, असे उत्तर आले. मी घरी फोन करून सांगितले, “कंपनीचा माणूस घर बघायला येणार आहे.”

चूक या वाक्यात होती. आमच्या घरात ‘बघायला येणार’ या शब्दांना एकच अर्थ आहे.

पाहणीच्या दिवशी सकाळी मी घरी पोहोचले, तेव्हा दारात ठिपक्यांची रांगोळी होती. आई काठपदराच्या साडीत पोह्यांना फोडणी देत होती. आत ताज्या रंगाचा वास भरला होता. पाण्याची तपकिरी रेघ जिथे वर्षभर दिसत होती, ती भिंत आता फिकट गुलाबी झाली होती. मागच्या फुगलेल्या भिंतीवर नवी चादर पडद्यासारखी टांगलेली होती.

“अण्णा, भिंत का रंगवली?” मी वडिलांना विचारले.

“मंग? मान्सं बघाया येनार. तशीच दावायची व्हय?”

“तीच तर दाखवायची होती.”

आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “गप बस तू. पोरीला बघाया आल्याव कुनी आदी तिचा डाग दावतं का? तुजी येळ येऊ दे, मंग कळंल.”

“माझी वेळ येईल तेव्हा मी रक्ततपासणीचा अहवालच पुढे ठेवीन.”

“म्हनूनच येईना,” आई म्हणाली आणि तिने पोह्यांवर झाकण ठेवले.

पाहणी करणारे गृहस्थ नगरहून मोटारसायकलवर आले. त्यांना पोहे मिळाले, पाठोपाठ चहा मिळाला. वडिलांनी आमच्या शेतीची आणि पाहुण्यांची माहिती त्यांना न विचारता दिली. गृहस्थ मोबाईलवर फोटो काढत राहिले. मग त्यांनी विचारले, “काका, इथं पूर येतो का?”

“पूर?” वडील हसले. “पूर नदीला येतो, सायेब. आमच्या गावाला नदीच न्हाई.”

वडील खोटे बोलत नव्हते. आमच्याकडे पूर म्हणजे नदीचा पूर. तो पुलावर उभे राहून बघायला जायचा असतो. घरात शिरते ते ओढ्याचे पाणी. त्याला कुणी पूर म्हणत नाही, जसे घरात एकाला ताप आला, तर त्याला कुणी साथ म्हणत नाही. कंपनीच्या भाषेत मात्र दोन्ही एकच होते.

गृहस्थांनी मान हलवली आणि ते नोंद करू लागले. माझ्या मनात गणित सरळ होते. मी गप्प बसले, तर विमा बहुधा मिळेल. पण माझ्या अर्जात एक आणि त्यांच्या पाहणीत दुसरेच असेल, आणि ही विसंगती बाहेर येईल ती नेमकी भिंत पडल्यानंतर, भरपाई मागताना. असा विमा म्हणजे चुकीच्या खुणा असलेले मोजमापाचे भांडे. ते नसलेले बरे, कारण मग निदान आपण त्यावर विसंबत नाही.

“मागच्या वर्षी घरात पाणी आले होते,” मी म्हणाले आणि भिंतीवर हात ठेवला. “इथपर्यंत.” रंग पुरता वाळला नव्हता, तळहाताला गुलाबी चिकटला. मग मी चादर बाजूला केली.

गृहस्थांनी फुगलेल्या भिंतीचा फोटो काढला आणि माझ्याकडे पाहिले. “ताई, तुम्हाला विमा हवाय ना?”

“हवाय. वेळेला उपयोगी पडेल असा हवाय.”

वडिलांनी गृहस्थांची रिकामी बशी उचलली आणि ते बाहेर निघून गेले. मोटारसायकलचा आवाज दूर गेल्यावर ते उंबऱ्यात येऊन उभे राहिले. “आपल्याच घराच्या इरोधात साक्ष दिली तू,” एवढेच ते म्हणाले.

कंपनीचे उत्तर लवकर आले. मी फोनवर सांगण्याआधीच आईने विचारले, “आला ना नकार?” आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच मला अधिक लागले.

पुढे काही दिवस वडील माझ्याशी बोलले नाहीत. पण नंतरच्या सुट्टीत मी घरी गेले, तेव्हा ते आपणहून शेजारी येऊन बसले. “एका ठिकानी न्हाई जमलं म्हनून काय झालं? दुसरं स्थळ बघ.”

आम्ही दुसऱ्या कंपनीचा अर्ज मोबाईलवर भरायला घेतला. मी प्रश्न वाचत होते, ते उत्तरे देत होते. ओढ्याच्या पाण्याची हकिगत त्यांनी या वेळी स्वतःच सांगितली. मग एक प्रश्न आला : यापूर्वी कोणत्याही कंपनीने आपला प्रस्ताव नाकारला आहे का?

“ह्ये बी इचारत्यात?”

“विचारतात.”

“सांगायचं?”

“सांगायचं, अण्णा.”

त्यांनी डोंगराकडे पाहिले. परतीच्या पावसाचे दिवस जवळ आले होते आणि दुपारपासून तिकडे काळे भरून येत होते.

“यंदा पानी येईल का घरात? तुजं शिक्षान काय म्हनतं?”

मला उतार माहीत होता, मोरी किती अरुंद ते माहीत होते. त्यापुढचे माहीत नव्हते. “येऊ शकते. पण येईलच का, आणि किती, ते मला सांगता येत नाही.”

“मंग कंपनीला तरी कुठं येतंय,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता. “लिही, व्हय म्हनून.”

मी ‘होय’वर बोट टेकवले आणि अर्ज पाठवून दिला. उत्तराला किती दिवस लागतील, हे त्यात कुठेच सांगितलेले नव्हते.

“पाऊस सरंस्तवर आईला घेऊन जा तुज्याकडं,” वडील म्हणाले. “तिला म्या सांगतो.”

“आणि तुम्ही?”

“म्या कसा येऊ? घराला इमा न्हाई. कुनीतरी ऱ्हायला पायजे का न्हाई?”

मी आईची पिशवी भरायला आत गेले.