उसाच्या विरोधात

एसटी सुटायच्या आधी तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीतून पिशवी आत दिली आणि म्हणाले, "तितं कुणाला घाबरायचं न्हाय." इंदापूरचं स्टँड मागं पडलं. नववीसाठी मी बारामतीला, जळोचीतल्या मावशीकडं निघाले होते. अंतर तासा-दीड तासाचं. पण पहिल्याच आठवड्यात वर्गात मी "व्हय सर" म्हणाले, मागचे बाक हसले, आणि गाव फार लांब राहिलं.

मी बोलणंच टाकलं. मराठीच्या बाईंनी ते हेरलं आणि माझं नाव वादविवादाच्या संघात घातलं. रोज शाळा सुटल्यावर सराव. 'आहे', 'नाही', 'आम्ही' घोटून घेतलं.

स्पर्धेचा विषय आला : पाणी वाचवायचं तर ऊस कमी केला पाहिजे. चिठ्ठीत आमच्या वाट्याला उसाच्या विरोधातली बाजू आली. आमच्या रानात सगळा ऊसच. तात्यांना मी फक्त तारीख सांगितली, विषय सांगायचं धाडस झालं नाही.

ते आले. तिसऱ्या रांगेत, टोपी मांडीवर ठेवून. पाठ केलेलं कसंबसं म्हटलं. मग समोरच्या संघातल्या मुलीनं विचारलं, "तुमच्या घरी कोणतं पीक आहे?"

खोटं बोलता आलं असतं.

"ऊस हाय," मी म्हणाले. जीभ घसरली ती घसरलीच. "माझ्या वडलांनी लावलाय. मागच्या उन्हाळ्यात विहिरीचं सगळं पाणी उसाला गेलं. आई प्यायचं पाणी दोन वस्त्या ओलांडून आणायची. घरी मी हे कधी बोलले न्हाय."

कुणी हसलं नाही. तात्या उठून बाहेर गेले.

आम्ही हरलो. तात्या फाटकाशी मोटरसायकलजवळ उभे होते. "तात्या, चुकलं माझं," मी रडत म्हणाले.

टोपी डोक्यावर ठेवत ते म्हणाले, "खोटं न्हाय बोललीस. पर मला आधी सांगायचं. लोकांम्होरं कळलं मला."

ते लागलं. अजून लागतं. दिवाळीला मी घरी गेले तर विहिरीकडच्या तुकड्यात उसाच्या जागी मका उभा होता.

आता मी बंगळुरात असते. दिवसभर मीटिंगा, सगळं इंग्रजीत. गेल्या महिन्यात लग्न ठरवलं. मुलगा तिकडचाच, कन्नड बोलणारा. फोनवर सांगता आलं असतं. पण बस धरून गावी गेले, तात्यांसमोर बसले आणि सांगितलं. ते चिडले, मीही चिडले. आईनं ताटं वाढली तरी वाद चालूच.

गाव आता पूर्वीसारखं ओळखीचं राहिलं नाही. पण अवघड गोष्ट समोर बसूनच सांगावी, असं वाटायला लावणारी माणसं अजून तिथंच आहेत. त्यालाच मी घर म्हणते.