गोठ्यातला हेडफोन

डबी माझ्या आईच्या कानापासून हातभर लांब होती.

आई अंगणाच्या कडेला उकिडवी बसलेली. पदर मागं सारून तिनं कान पुढं केलेला, डोळे मिटलेले. बापूसाहेब पायरीवर उभे. हेडफोनची काळी डबी त्यांनी चिमटीत धरली होती, मेलेली पाल शेपटीला धरून बाहेर टाकायला नेतात तशी. आई जरा पुढं सरकली. डबी मागं गेली. आई आणखी सरकली. डबी आणखी मागं गेली.

"येतंय ना ऐकू?" बापूसाहेबांनी विचारलं.

"हा साहेब," आई म्हणाली. "ऐकला."

खोटं. साफ खोटं. ज्यानं तो हेडफोन एकदा जरी पाहिलाय त्याला हे सांगावं लागत नाय. त्याच्यातला आवाज म्हणजे केवढा, तर काडेपेटीत कोंडलेल्या किड्याएवढा. कानाला घट्ट लावला तर माणूस बोलतंय हे कळतं. बोटभर दूर गेला की संपलं. हातभर लांबून आईला काय ऐकू येणार होतं? गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ आणि ओटीवर बसलेल्या बापूसाहेबांच्या काकूंचा खोकला.

आणि त्या डबीत त्या वेळी माझा भाऊ बोलत होता.

दगडू माझ्यापेक्षा मोठा. पलटणीत गेलेला. दुसरी मोठी लढाई चालू होती, आणि दोन वर्षं त्याची कायसुद्धा खबर नव्हती. मग वैशाखरे गावचा एक शिपाई सुट्टीवर आला. वाट वाकडी करून आमच्या वाडीत आला, पाणी प्याला आणि म्हणाला, "मावशे, येत्या शनवारी सांजचं मुंबईच्या रेडिओवर फौजेतल्या पोरांचे निरोप लावणारेत. तुमच्या दगडूचा पण हाय. त्याच्याच आवाजात." आई त्या शनिवारपर्यंत धड जेवली नाय. दगडू परत आला नाय, हे आत्ताच सांगून टाकतो. शेवटी डोळे पुसायला मिळतील म्हणून कोणी वाचत बसू नये.

आमचं गाव धसईच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. आमची वाडी गावाच्या बाहेर, ओढ्याच्या खालच्या बाजूला. गाव तिला महारवाडा म्हणायचं. वरच्या बाजूला बापूसाहेबांचं घर. शेतं सगळी त्यांची, आमी त्यांच्याकडे मजुरीला. बापूसाहेब मुंबईला शिकून आलेले. त्यांना नाद एकच, बिनतारी यंत्राचा. इंग्रजी मासिक यायचं त्यांना टपालानं, त्यात यंत्रं घरी कशी जुळवायची त्याच्या आकृत्या. ते बघून त्यांनी स्वतःच्या हातानं रेडिओ जुळवला होता. सागवानी खोका, आत काचेचे दिवे, पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या तारेचे वेढे. लढाईमुळं लाउडस्पीकर काय मिळाला नाय, म्हणून हेडफोनवर ऐकायचे.

मला त्याचं वेड होतं. खोटं कशाला बोलू. मी अंगणात लाकडं फोडायचो आणि डोळे खिडकीत. तारा जोडायच्या झाळणाची तापलेली कांडी आणि त्या राळेचा वास अजून नाकात आहे. बापूसाहेब ओटीवर बसून गावातल्या लोकांना मासिकातल्या बातम्या मराठीत सांगत. विलायतेत म्हणे हवेतून चित्रंसुद्धा पाठवतात. अमक्या ठिकाणी मुठीत मावेल एवढा सेट निघालाय. मी घाव घालायचा थांबायचो. माझ्यासारखंच हे माणूस नव्या गोष्टीसाठी हावरं आहे, असं मला वाटायचं. एकदा ते म्हणाले, "या लहरी ब्राह्मणाच्या घरातून जातात तशाच महाराच्या झोपडीतून जातात. लहरींना शिवाशिव नाही." मी ते वाक्य वाडीत येऊन सगळ्यांना सांगितलं. आईला तर कितींदा सांगितलं. माझ्या सांगण्यावरच ती त्या शनिवारी निघाली.

एरियलची तार उंच सावरीच्या झाडावर बांधायला मी चढलो होतो. आणि बॅटरी मी वाहायचो. त्या यंत्राला एक जड बॅटरी लागे, लाकडी पेटीतली, आत तेजाब. ती उतरली की मुरबाडला भाताच्या गिरणीत इंजिनावर भरून आणायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पेटी, जायचं यायचं पायी. तेजाब हिंदकळायचं. माझ्या मुंडाशाला भोकं पडली होती आणि मानेवर चट्टे. ती पेटी माझ्या डोक्यावरून उतरायची ती थेट बापूसाहेबांच्या खोलीत जायची. तिच्यावर कोणी पाणी शिंपडलं नाय. तिला विटाळ नाय. विटाळ फक्त आईच्या कानाला.

त्या संध्याकाळी काय झालं ते असं. बापूसाहेबांनी तार लांब करून हेडफोन पायरीपर्यंत आणला. आधी स्वतःच्या कानाला लावला. हसले. "अरे, आला. दगडू म्हणतोय. गावाचं नाव घेतलं बघ." त्यांनी डबी काढली, आईकडं हात केला, आणि तेवढ्यात काकूंनी ओटीवरून नुसतं पाहिलं. बापूसाहेबांचा हात तिथंच थांबला. लहरींना शिवाशिव नाही म्हणणारा तो हात. मग पुढचं तुमाला सांगितलंच आहे.

वाडीत पोचलो तर सगळी वाट बघत बसलेली. आई म्हणाली, "बोलला गो. आये, मी बरा हाय म्हणला." बायांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. कोणी गूळ आणला. मी तिच्याकडं बघत राहिलो. मला तिची कीव आली नाय. मला शिसारी आली. तिची नाय, त्या घराची, त्या ओटीची, आमाला अपमान गिळून वर त्यांची अब्रू राखायला लावणाऱ्या सगळ्या रीतीची. त्यांनी तिच्या पोराचा आवाज काढून घेतला होता आणि वर तिनंच सांगत फिरायचं, की दिला.

"तू नाय ऐकला," मी म्हणालो, सगळ्यांच्या देखत.

"ऐकला."

"नाय ऐकला. डबी कानाला लावलीच नाय."

तिनं गुळाचा खडा हातात तसाच धरून ठेवला. एक म्हातारा मला म्हणाला, "गप रे. एवढं तरी केलं त्यांनी." एवढं तरी! या दोन शब्दांवर आमच्या कितीतरी पिढ्या जगल्या.

पुढच्या हप्त्यात बापूसाहेबांचं बोलावणं आलं. बॅटरी उतरली होती, आणि आईलासुद्धा बोलावलं होतं. गेलो. बापूसाहेब खुशीत होते. आमाला गोठ्यात घेऊन गेले.

गोठ्याच्या खांबाला एक खिळा होता. त्या खिळ्याला आमाला पाणी द्यायची नारळाची करवंटी अडकवलेली असायची. आता शेजारी दुसरा खिळा ठोकलेला. त्याला हेडफोन टांगलेला.

"हा तुमचा," बापूसाहेब म्हणाले. "जुन्या टेलिफोनच्या डबीचा मी स्वतः केलाय. खोलीतून इथपर्यंत तार ओढलीय. मी तिकडे ऐकणार, त्याच वेळी तुम्ही इकडे ऐकणार. आवाज जरासुद्धा कमी होत नाही. ही जोडणी मासिकात नाही हं. मी त्यांना आकृती काढून पाठवणार आहे."

त्यांच्या तोंडावर काय आनंद होता. मी विसरू शकत नाय. त्यांना खरंच वाटत होतं की काहीतरी थोर केलंय. काकूंचं सोवळं सांभाळलं, आमचं मन सांभाळलं, आणि आवाज जरासुद्धा कमी झाला नाय. डोकं चांगलं होतं त्यांचं, हुशार माणूस. त्या हुशारीतून निघालं काय, तर शेणाच्या वासात टांगलेला महारांचा हेडफोन. बातमी म्हणून विलायतेला पाठवायला निघाले होते.

"बॅटरी भरून आण म्हणजे लावून बघू," ते म्हणाले. "पुन्हा निरोप लागणार आहेत म्हणतात."

पेटी गोठ्याच्या दारात काढून ठेवलेली. मी तिच्याकडं पाहिलं, हेडफोनकडं पाहिलं.

"मी नाय नेणार," मी म्हणालो.

"काय?"

"बॅटरी मी नाय नेणार. त्या दिशी कानाला लावली नाय डबी. आज गोठ्यात टांगलीत. मी नाय नेणार."

बापूसाहेब रागावले नाय. त्यांनी आवाज खाली आणला. "अरे, काकू बसली होती. तू समजून घे. मला काही वाटत नाही रे, मी असलं मानत नाही." मला वाटतं, त्यांनी शिवी दिली असती तर मला कमी घाण वाटली असती.

पण आई मधे पडली. "उचल," ती मला म्हणाली. "गोठ्यात तर गोठ्यात. माझ्या पोराचा आवाज येतोय त्याच्यात."

"नाय उचलणार."

"तो परत बोलला म्हंजे? मी काय करू?"

तिला आवाज हवा होता, आणि तो त्या खिळ्यावर होता, आणि मी तिच्या आड उभा होतो. तरी मी हात पुढं केला नाय.

तेव्हा आईनं स्वतः पदराची चुंबळ केली. डोक्यावर ठेवली. पेटीजवळ बसली आणि दोन्ही हातांनी उचलायला गेली. पेटी गुडघ्यापर्यंत आली, वर जाईना. जड ओझं डोक्यावर घ्यायचं तर समोरून दुसऱ्यानं हात लावावा लागतो. शेतात, बाजारात, वाटेवर, कुठंही बाई थांबून म्हणते, जरा हात लावा, आणि जाणारा येणारा हात लावून पुढं जातो. ओळख लागत नाय त्याला. गुराख्याचं पोर लावतं, शत्रू लावतो.

आईनं मान वर केली. समोर बापूसाहेबच होते.

"साहेब," ती म्हणाली, "जरा हात लावा."

बापूसाहेब एक पाऊल मागं सरले.

मुद्दाम नाय सरले. ते मी पाहिलं. पाय आपोआप गेला. त्यांना ते स्वतःलाच कळलं आणि त्यांचं तोंड उतरलं. पेटीला धरायचं होतं, आईला नाय. लाकडाची पेटी, तिची एक बाजू तिच्या हातात, दुसरी मोकळी. त्यांच्याच यंत्राची बॅटरी. म्हातारी गुडघ्यावर ओझं तोलून बसलेली, तेजाब हिंदकळून तिच्या लुगड्यावर पडलेलं, आणि हा शिकलेला माणूस दोन्ही हात मागं घेऊन उभा.

आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं पेटी खाली ठेवली, हळू, नीट, सांडू न देता. उठली. पदराची चुंबळ सोडली आणि पदर झटकून डोक्यावर घेतला.

"चल," मला म्हणाली.

"अगं, पण दगडूचा निरोप..." बापूसाहेब म्हणाले.

ती वळली नाय.

वाडीत आल्यावर तिनं बायांना बोलावलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मी त्या दिशी खोटं बोलले. दगडू काय बोलला ते मला ठाव नाय. मला ऐकवलंच नाय त्यांनी." एवढंच बोलून ती चूल पेटवायला बसली. गूळ आणणारी बाई उठून गेली. म्हातारे घाबरले. मजुरी बंद होईल म्हणाले, आणि झालीच. बापूसाहेबांच्या शेतावरून आमाला काढलं. त्या वर्षी आमी दोघं शहापूरच्या बाजूला, आटगावला, खडी फोडायला गेलो. लुगड्याला तेजाबाची भोकं पडली होती, त्याला आईनं ठिगळं लावली. पण वाडीतल्या एकानंही ती पेटी डोक्यावर घेतली नाय. घाबरत घाबरत, पण नाय घेतली. गावातल्या वरच्या जातीच्या कोणी घेण्याचा सवालच नव्हता, महारानं वाहायचं ओझं ते. रेडिओ मुका पडला. ते सगळं ज्ञान, मासिकं, विलायतेच्या बातम्या, आणि एक पेटी मुरबाडला न्यायला त्या घरात माणूस नव्हता.

नंतर दगडू गेल्याची खबर आली. त्याचा दुसरा निरोप कधी लागला की नाय, मला माहीत नाय. लागला असेल तर तो आमच्या झोपडीतून तसाच निघून गेला. याचं दुःख मला आहे. पण त्या दिवशी पेटी उचलली असती तर बरं झालं असतं, असं माझ्या तोंडून कोणी वदवून घेऊ शकणार नाय. आईनंही कधी तसं म्हटलं नाय.

पुढं मी कल्याणला हे रेडिओ जुळवायचं, दुरुस्त करायचं काम शिकलो, धक्के खात शिकलो, आणि त्यातच माझे केस पांढरे झाले. नवी यंत्रं आली. दर वेळी कोणीतरी हुशार माणूस येतो आणि सांगतो, हे सगळ्यांसाठी आहे. मी त्याला म्हणतो, ओझं कोण वाहतंय ते दाखव, आणि त्याला आत घेतोस का ते दाखव. ज्या घराला माझं डोकं चालतं आणि माझ्या आईचा कान चालत नाय, त्या घरासाठी मी डोकं वाकवणार नाय. यंत्र बंद पडलं तर पडू दे.